तिसरा रकाना

सह्या मिळवणं सोपं असतं. दार वाजवायचं, दोन वाक्यं बोलायची, वही पुढे करायची. माणूस सही करतो, कधी कधी प्रश्न पुरता ऐकूनही घेत नाही. पहिल्या आठवड्यात आमच्या वहीत इतक्या सह्या झाल्या, की निवडणूक जिंकल्याच्या थाटात आम्ही गल्लीतून चालत होतो.

आमचा प्रश्न कचऱ्याचा. घरांच्या मागे कचरा डेपो आणि डेपो पेटलेला. पेटलेला म्हणजे ज्वाळा दिसत नाहीत. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, आत मिथेन साठतो, कुठेतरी ठिणगी पडते आणि ढीग आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. वरून पाणी मारलं की वाफ निघते, फोटो निघतात, आग तशीच. रात्री वारा फिरला की धूर घरात. माझा मुलगा दम्याचा. त्याला मांडीवर उठवून बसवायचं आणि खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबायची, ही आमची रात्रपाळी. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ या म्हणीचा वाक्यात उपयोग शाळेत असताना केला होता. आता ते वाक्य मी जगत होते.

त्याआधी राजकारणाशी माझा संबंध पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणाऱ्या शाईपुरता. घरात मत एकाच पक्षाला जायचं, लग्नाआधीही आणि नंतरही. मी हिशेब लिहिणारी बाई. कागद नीट ठेवते म्हणून गटाने वही माझ्याकडे दिली. मी दोन रकाने आखले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात ‘डेपो बंद व्हावा का?’

तिसरा रकाना सरांनी आखायला लावला. सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर इतिहासाचा काढा तयार. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, “दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ म्हणणारा एक तरी भेटला का?” नव्हता भेटला. “मग हा रकाना तुम्हाला काय सांगतो? काहीच नाही. तिसरा आखा आणि विचारा: या एका प्रश्नासाठी, या निवडणुकीत, तुम्ही तुमचा नेहमीचा पक्ष सोडाल का?”

दारं तीच, माणसंही तीच, पण चेहरे बदलले. दुसऱ्या रकान्यावर झरझर चालणारं पेन तिसऱ्यापाशी थबकायचं. कोणी हसायचं, कोणी आतल्या खोलीकडे बघायचं. “प्रश्न महत्त्वाचाच आहे हो, पण...” या ‘पण’नंतर जात, नातं, धर्म, दिलेला शब्द, वडिलांपासूनची निष्ठा, दुसऱ्या बाजूचा राग, काहीही यायचं. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: “बघू.” ‘बघू’साठी मी रकान्यात एक छोटा ठिपका द्यायला लागले, कारण रिकामं सोडलं तर विचारलंच नाही असं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी बेरीज केली. नावं 1140. तिसऱ्या रकान्यात स्पष्ट ‘हो’ 163. बाकी ठिपके. ‘हो’ कुठे कुठे आहेत ते मी घरांच्या क्रमाने लावून पाहिलं, तर डेपोच्या भिंतीलगत ते दाट होते, चौथ्या गल्लीत विरळ आणि मोठा रस्ता ओलांडल्यावर जवळजवळ संपले होते. धूर जिथवर पोचतो तिथवर आमचे मतदार होते.

मी हिरमुसले. सरांना मात्र आनंद झाला. त्यांनी मला फिलिप कॉन्व्हर्स हे नाव सांगितलं. या अमेरिकन अभ्यासकाने 1964 मध्ये असं मांडलं होतं की बहुतेक मतदारांच्या डोक्यात सगळ्या प्रश्नांची सुसंगत मांडणी वगैरे नसते. पण एकेका प्रश्नाभोवती मोजकी माणसं खरोखर जागी असतात. म्हणजे जनता एक नसते, प्रश्नागणिक वेगवेगळी छोटी छोटी जनता असते. “तुमची जनता 163 आहे,” सर म्हणाले, “आणि मागच्या वेळी पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती होतं?”

210 होतं. इथे माझा धंदा कामाला आला. विजेत्याचा मतदार घरी बसला तर अंतर एकाने कमी होतं; तोच उठून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत देऊन आला तर दोनाने. 163 पैकी एकशेसहा माणसं विजेत्याच्या बाजूची असतील आणि ती खरोखर पलीकडे गेली, तर निकाल उलटतो. इतक्यांनीच. उरलेले हजार ठिपके ठिपकेच राहिले तरी चालेल. हे गणित मांडलं त्या रात्री मला पहिल्यांदा सत्तेचा वास आला, आणि तो धुरापेक्षा बरा होता हे कबूल करते.

मग सरांनी काढा पाजला तो वेन व्हीलर या माणसाचा. अमेरिकेत दारूबंदीसाठी 1869 मध्ये एक अख्खा पक्ष निघाला होता. त्याने राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार उभे केले, भाषणं केली, जाहीरनामे काढले, आणि जिंकण्याच्या जवळपासही तो कधी पोचला नाही. 1893 मध्ये ओहायोत अँटी-सलून लीग निघाली. तिने स्वतःचा उमेदवार उभाच केला नाही. दोन मोठ्या पक्षांपैकी जो दारूबंदीच्या बाजूने मत देईल त्याच्यामागे उभं राहायचं, जो देणार नाही त्याला पाडायचं. व्हीलर हा या तंत्राचा कारागीर. 1905 मध्ये त्यांनी ओहायोचा गव्हर्नर मायरन हेरिक याला पाडलं, आणि तेही त्याच्या पक्षाचे इतर उमेदवार निवडून येत असताना. बाकी कशात त्यांना रस नव्हता. आमदार घरी पितो की नाही हेही ते विचारत नसत. पिणारा चालेल, मत कोरडं हवं. 1919 मध्ये दारूबंदी थेट राज्यघटनेत गेली. 1933 मध्ये ती उठली, हा पुढचा भाग सरांनी तेव्हा घाईत उरकला.

आम्ही व्हीलर व्हायचं ठरवलं. उमेदवारांना एकच प्रश्न लेखी पाठवला: निवडून आल्यास डेपोवर नवा कचरा टाकणं कोणत्या तारखेला थांबवाल?

उत्तरं आली ती सगळी मी फाइलला लावली आहेत. एकाचं दोन पानी पत्र, त्यात डेपो हटवणं ही आपल्या पक्षाची पहिल्यापासूनची भूमिका असल्याचं तीन वेळा लिहिलेलं, तारीख एकदाही नाही. दुसऱ्याने ‘मागणी तत्त्वतः मान्य’ असं कळवलं. ‘तत्त्वतः’ हा शब्द मराठीत नकारासाठीच घडवला असावा. तिसरा स्वतः येऊन डेपोसमोर उभा राहिला, कॅमेरे सुरू असताना खोकला आणि कॅमेरे बंद झाल्यावरही खोकत राहिला. धुराला पक्ष कळत नाही. ठोस तारीख एकानेच दिली, आणि त्याची अनामत वाचेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

म्हणजे विरोधात कोणीच नव्हतं. पाडायचं कोणाला? दारूच्या वेळी दोन बाजू होत्या, पिणारेही मतदार होते, दुकानवाल्यांचा पैसा होता, म्हणून व्हीलरला ‘हो’ आणि ‘नाही’ वेगळे करता आले. इथे ‘डेपो हवाच’ म्हणणारा उमेदवार मला अजून भेटायचा आहे. डोनाल्ड स्टोक्स या अभ्यासकाने 1963 मध्ये हा फरक सांगून ठेवलाय: काही प्रश्नांवर लोक दोन बाजूंना उभे असतात, आणि काहींवर सगळे एकाच बाजूला, भ्रष्टाचार नको, स्वच्छता हवी. दुसऱ्या प्रकारात भांडण भूमिकेचं नसतं, कोण करून दाखवेल याचं असतं. आमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारातला आहे, असं आम्ही तेव्हा समजत होतो.

तरी कोणाला तरी पाठिंबा द्यायचा म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडला. निदान ‘तत्त्वतः’ लिहिणारा. मी ‘हो’वाल्यांकडे परत गेले. पहिल्याच घरात दार अर्धं उघडं ठेवून बाई म्हणाल्या, “त्यांना? त्यांना तर मेले तरी देणार नाही.” पण तुम्ही पक्ष सोडायला तयार होता ना? “सोडेन म्हटलं होतं. त्यांच्याकडे जाईन असं कुठे म्हटलं होतं?”

माझ्या रकान्यातली चूक अशी उघडी पडली. सोडणं आणि जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस स्वतःच्या पक्षावर रुसू शकतो, पण ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याच्या निशाणीपुढचं बटण दाबायला हात उचलत नाही. दहा दिवस मी ते ऐकत फिरले. मग गटात जे व्हायचं तेच झालं, कोणीतरी म्हणालं, आपलाच उमेदवार उभा करू.

आमच्यात डॉक्टर होत्या, छातीच्या विकारांच्या, निवृत्त. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली. सर पहिल्यांदा बिचकले, मग त्यांनाच उदाहरण सापडलं. इंग्लंडात किडरमिन्स्टरच्या रुग्णालयातला अपघात विभाग 2000 मध्ये बंद झाला. 2001 च्या निवडणुकीत रिचर्ड टेलर नावाचे तिथलेच निवृत्त डॉक्टर वायर फॉरेस्ट मतदारसंघातून अपक्षासारखे उभे राहिले आणि सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला, जो मंत्रीही होता, 17,630 मतांनी हरवून संसदेत गेले. निवृत्त डॉक्टर, एक प्रश्न! आम्हाला शकुनच वाटला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नव्हता, ही बारीक गोष्ट कोणी मनावर घेतली नाही.

पक्षनोंदणीचा अर्ज मीच भरला. नाव, घटना, पदाधिकारी, निशाणी. नावावरून दोन बैठका भांडलो, त्या सांगत बसत नाही. अर्जात ‘पक्षाची ध्येयधोरणे’ असं लिहून खाली अर्धं पान कोरं सोडलेलं होतं. मी एक ओळ लिहिली: डेपो बंद करणे. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा करून पाहिला. “एवढंच?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर पान चिकटलंय असं वाटलं असावं.

हे ‘एवढंच?’ पुढे सहा आठवडे माझ्या मागे लागलं.

डॉक्टरांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत कोणीतरी विचारलं, रस्ता रुंदीकरणाबद्दल तुमचं काय म्हणणं? त्या म्हणाल्या, आमचा त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी बातमी: रुंदीकरणावर मौन. ज्यांची घरं रुंदीकरणात जाणार होती त्यांनी या मौनाचा अर्थ ‘होकार’ असा लावला, आणि ज्यांना रस्ता हवा होता त्यांनी ‘नकार’.

आमच्यातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, मौनच जाहीर करू. स्वीडनमध्ये 2006 मध्ये पायरेट पार्टी निघाली होती, इंटरनेटवरची मोकळीक आणि कॉपीराइट एवढाच विषय; बाकी प्रश्नांवर आम्ही कोणाच्याच बाजूने नाही असं त्यांनी उघड सांगितलं होतं, आणि 2009 मध्ये युरोपीय संसदेसाठी त्यांना सात टक्क्यांवर मतं पडली. मला पटलं. सरांनी पुढचं पान उलटलं: पुढच्याच वर्षी देशाच्या संसदेच्या निवडणुकीत याच पक्षाला एक टक्कासुद्धा मिळाला नाही. युरोपीय संसदेत एखादा ‘आपला माणूस’ पाठवायला लोक तयार होतात. जिथून सरकार बनतं, जिथे कर ठरतो, तिथे त्यांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. आणि आमच्या स्थानिक सभागृहात तर दर महिन्याला पंधरा विषयांवर हात वर करावा लागणार होता. डॉक्टर दर वेळी बाहेर जाऊन उभ्या राहणार होत्या का?

म्हणून जाहीरनाम्याची बैठक बोलावली. मी विषयपत्रिकेत तीनच प्रश्न घेतले: रस्ता रुंदीकरण, पाणीपट्टीतली वाढ आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करणं. दोन तासांत उरकेल असं वाटलं होतं.

दोन महिने आम्ही गुण्यागोविंदाने नांदलो होतो. एकमेकांच्या घरी वाफारे घेतले, एकमेकांची मुलं सांभाळली, आगीच्या रात्री एका छताखाली झोपलो. आणि तेवढ्या काळात एकदाही कोणी कोणाला विचारलं नव्हतं की बाकी तुमचं मत काय. विचारायची गरजच पडली नव्हती. त्या रात्री तीन प्रश्नांवर हात मोजताना मला समजत गेलं, की आमची एकी त्या न विचारण्यावर उभी होती. धूर आम्हाला एकत्र आणत होता, पण एकत्र ठेवत होतं ते मौन. पाणीपट्टीवर आवाज चढले. रुंदीकरणावर एक जण खुर्ची मागे ढकलून उठला. शाळांवर मात्र दोन शिक्षक आणि एक पालक यांच्यात जे काही झालं, त्यानंतर ते आजही एकमेकांशी बोलत नाहीत. कोपऱ्यातल्या आजी वही मागायला माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाळ, माझं नाव खोड. मी धुरासाठी आले होते. शाळेवरून तुमच्याशी भांडायला नव्हते आले.”

मी खोडलं नाही. पुसट रेघ मारली.

सर बाहेर ओट्यावर बसून राहिले होते. त्या रात्री त्यांनी काढा दिला तो घरचा, संयुक्त महाराष्ट्र समितीचा. 1956 मध्ये कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदू महासभाही एका मागणीसाठी एकत्र आली. मालमत्ता, धर्म, देश कसा चालवावा, यातल्या एकाही गोष्टीवर त्यांचं जमलं नसतं. 1957 च्या निवडणुकीत त्यांनी सत्ताधाऱ्यांना घाम फोडला. 1 मे 1960 ला राज्य झालं आणि मोळीची दोरी सुटली. जो तो आपापल्या वाटेने गेला, 1962 मध्ये काँग्रेस पुन्हा भक्कम. “पण ती समिती होती,” सर म्हणाले, “पक्ष नव्हता. तिला सभासदांच्या बाकीच्या मतांची विचारपूस करावी लागत नव्हती. आपण अर्ज भरला तिथेच चुकलो बहुतेक.” मग थोड्या वेळाने, “पण अर्ज भरला नसता तर मत कोणाला दिलं असतं, हेही खरं.”

घरी येऊन मला झोप लागेना. वहीच्या शेवटच्या पानावर मी हात मोजल्याचे आकडे मांडत बसले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. पाच मतदार घ्या, तीन प्रश्न घ्या, दोन पक्ष घ्या. पहिल्या मतदाराला पहिल्या प्रश्नावर ‘अ’ पक्ष पटतो, उरलेल्या दोन्हींवर ‘ब’. दुसऱ्याला फक्त दुसऱ्या प्रश्नावर ‘अ’, तिसऱ्याला फक्त तिसऱ्यावर. चौथा आणि पाचवा तिन्ही प्रश्नांवर ‘अ’. आता प्रत्येकाने ज्याचं जास्त पटतं त्या पक्षाला मत दिलं, तर पहिले तिघे ‘ब’ला देणार, ‘ब’ तीन-दोनने जिंकला. पण एकेक प्रश्न घेऊन मोजा, तर तिन्ही प्रश्नांवर पाचपैकी तिघांना ‘अ’चं म्हणणं पटलेलं आहे! जिंकलेला पक्ष प्रत्येक प्रश्नावर अल्पमतात. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, दोनदा तपासलं. सरांनी सकाळी सांगितलं की याला ऑस्ट्रोगोर्स्कीचा विरोधाभास म्हणतात, म्हणजे माझ्या आधी कोणीतरी शोधून ठेवला होता. जरा हिरमोड झाला. पण त्यानंतर एकाच प्रश्नावर मत देणाऱ्याला एककल्ली म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. एका बटणावर पंधरा प्रश्नांची उत्तरं मावत नाहीत. मग एखाद्याने त्यातला एक निवडून फक्त त्याचंच बटण समजून दाबलं, तर तो निदान काय सांगतोय ते स्पष्ट असतं.

जाहीरनामा अखेर झाला. तीन प्रश्नांवर तीन गुळमुळीत परिच्छेद, ज्यांत ‘तत्त्वतः’ हा शब्द दोनदा आला. लिहिणारी मीच. त्या उमेदवाराच्या पत्राची फाइल शेजारीच पडली होती.

खरा घाव यायचा होता तो आमच्याच प्रश्नातून. प्रचारात एका दारी एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “डेपो बंद, मान्य. उद्या सकाळी माझी बादली कुठे ओतू?” आम्ही म्हटलं, त्यावर आमचा आराखडा आहे. आणि तो खरोखर होता, चांगला होता: ओला-सुका वेगळा करायचा, ओल्याचं खत प्रत्येक भागात छोट्या केंद्रात, सुका छाटून पुनर्वापराला, म्हणजे डेपोवर न्यायला फारसं काही उरतच नाही. डॉक्टरांनी नकाशा बनवून घेतला, त्यावर केंद्रांसाठी हिरवे ठिपके. बैठकीत टेबलावर पसरला. सगळे वाकले. सगळ्यांची बोटं आधी आपापल्या घरावर गेली, आणि तिथून सर्वांत जवळच्या ठिपक्यापर्यंत.

“हा इथेच का?”

एवढं एकच वाक्य, पण पाच-सहा तोंडांतून. खताला वास येतो, गाड्या येतील, उंदीर होतील, घरांचे भाव पडतील. काल डेपोच्या भिंतीवर डोकं आपटणारी आमचीच माणसं. स्टोक्सची वाटणी मी मनात दुरुस्त करून घेतली: ‘डेपो नको’ यावर सगळे एका बाजूला होते, ‘मग कुठे?’ म्हटल्याबरोबर दोन बाजू झाल्या. एकमताच्या प्रश्नाच्या पोटात भांडणाचा प्रश्न निजलेला होता, आम्ही त्याला हलवून उठवलं. त्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यातले एकवीस ‘हो’ परत घेतले गेले. त्यांतले काही निरोपाने आले, समोर येऊन सांगायचं धाडस झालं नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, नकाशा गुंडाळून ठेवू, निवडणुकीनंतर काढू. त्या नाही म्हणाल्या. मला त्यांचा राग आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही, पण आता त्यात आदर मिसळलाय. जर्मनीतला ग्रीन पक्ष 1980 मध्ये निघाला तो अणुऊर्जेला आणि शस्त्रांना विरोध करणाऱ्यांमधून. 1999 मध्ये तो सत्तेत होता, आणि कोसोव्होच्या युद्धात जर्मनीच्या सहभागाचं समर्थन त्याच पक्षाचा परराष्ट्रमंत्री योश्का फिशर याला पक्षाच्या अधिवेशनात करावं लागलं. तिथे त्याच्यावर लाल रंग भरलेली पिशवी फेकली गेली, कानाचा पडदा फाटला. टिकायचं असेल तर एक दिवस अशी पिशवी खावी लागते, असं डॉक्टर म्हणायच्या. आमच्या बैठकीत पिशवी नव्हती, नकाशाच गोळा करून कोणीतरी फेकला.

मतदानाचा दिवस पटकन संपला. यंत्रापुढे मी एकटी, समोर आमची निशाणी आणि दोन ओळी वर माझी जुनी, माहेरापासूनची. ती बघून काहीतरी आत हललं, इतकंच सांगते. बटण आमचंच दाबलं.

डॉक्टर तिसऱ्या आल्या, 640 मतं. वहीतल्या 163 पेक्षा चौपट आणि सह्यांपेक्षा कितीतरी कमी. ही मतं कोणाची, हे मला आजतागायत नीट लावता आलेलं नाही. कितीतरी जण वहीत नसलेले, त्यांचे जुने पेशंट असतील, दोन्हीकडे वैतागलेले असतील. पहिल्या-दुसऱ्यात अंतर पडलं 88. ‘तत्त्वतः’वाला हरला. त्याचे कार्यकर्ते त्याच संध्याकाळी दारात येऊन ओरडून गेले, “तुम्ही आमची मतं खाल्लीत.” मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने 1951 मध्ये मांडलेली गोष्टच ते आपल्या भाषेत सांगत होते: जिथे एका जागेसाठी सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, तिथे तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल या भीतीने मतदार दोघांभोवतीच गोळा होतात. शिव्या खाताना सिद्धांत आठवणं हे सरांच्या संगतीचं फळ.

आम्ही हरलो म्हणून रडत होतो, आणि विजेत्याने तिसऱ्याच महिन्यात डेपोवर नवा कचरा थांबवण्याची तारीख जाहीर केली. पत्रात एकदाही तारीख न देणारा तोच माणूस. प्रेम वगैरे काही नाही. 88 ने वाचलेला माणूस 640 कडे कसा बघतो ते हिशेब लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं या मागणीवर उभ्या असलेल्या युकिप या पक्षाला 2015 मध्ये साडेबारा टक्क्यांवर मतं मिळून संसदेत एकच जागा मिळाली होती. पण त्या मतांच्या धास्तीने सत्ताधारी पक्षाने सार्वमताचं वचन आधीच देऊन टाकलं होतं, 2016 मध्ये ते झालं, आणि युकिपला हवं होतं तेच घडलं. पुढच्या वर्षी त्याच पक्षाची मतं दोन टक्क्यांच्याही खाली. मागणी पुरी झाली, मतदार घरी गेले.

आमचेही गेले. पुढच्या बैठकीला अकरा जण, त्याच्या पुढच्या तीन. पक्षाचा वार्षिक हिशेब भरायचा म्हणून मी अजून खजिनदार आहे. खजिन्यात शिक्का आणि शिल्लक पत्रकं. डेपोवर आता मातीचा थर आहे, मुलगा रात्री सलग झोपतो. कचऱ्याच्या गाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात, नव्या जागेवर. छोटी केंद्रं झाली नाहीत. पुढच्या वेळी मत त्या विजेत्यालाच द्यायचं, असं माझं जवळजवळ ठरलंय. बोलून चालून तारीख पाळणारा माणूस.

मागच्या आठवड्यात दार वाजलं. एक बाई, कडेवर मूल, हातात वही. नव्या डेपोच्या बाजूच्या वस्तीतून आल्या होत्या. “तुमच्या घरचा कचराही आमच्याकडेच येतो, म्हणून म्हटलं तुम्हालाही विचारावं.” वही उघडली. तीन रकाने. कोणी दिला हा नमुना विचारलं, तर म्हणाल्या, एक म्हातारे सर येतात आमच्याकडे.

पहिल्या रकान्यात मी नाव लिहिलं. दुसऱ्यात ‘हो’ लिहायला एक क्षण लागला नाही. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. मूल खोकत होतं, कोरडा, छातीतून येणारा खोकला. तो मी झोपेतही ओळखेन. बाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या, घाई न करता.

“बघू,” मी म्हटलं.

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि रकान्यात एक छोटा ठिपका दिला.